घर रिकामं करून घेणं म्हणजे काय?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: "भाडेकरूला घराबाहेर काढणं म्हणजे नक्की काय?" मी वकील नाही. आयुष्यभर अकाउंटंट म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. तरी मी बोलायला हो म्हटलं, कारण या विषयाच्या दोन्ही बाजूंना मी राहिले आहे. पुण्यात मी वाड्यातल्या बिऱ्हाडकरूची मुलगी होते. इथे न्यू जर्सीत आल्यावर घरमालकीण झाले. आणि २००९ साली एका बाईला तिच्या दोन मुलांसकट मी घर सोडायला लावलं. सगळं कायद्यानं, रीतसर. ही गोष्ट मी आजवर चार लोकांत बोललेली नाही. आज बोलणार आहे, पण आधी पुण्याबद्दल थोडं.

आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं होतं. भाडं महिना चौदा रुपये. मालकीणबाई विधवा होत्या, वाड्याच्या पुढच्या भागात राहायच्या. सहा बिऱ्हाडांच्या भाड्यावर त्यांचा संसार. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागत. आई मालकीणबाईंना म्हणायची, "कौलं तरी फिरवून घ्या." त्या म्हणायच्या, "तुमच्या सगळ्यांच्या भाड्यात कौलंवाला येत नाही हो." दोघीही खरं बोलत होत्या.

असं का झालं ते समजून घ्यायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं 'प्रमाण भाडं' ठरवलं ते १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं त्यावरून. युद्धाच्या काळात शहरांत माणसं लोटली होती, घरं नव्हती, मालक वाटेल ते भाडं मागत होते. तेव्हा हा कायदा गरजेचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाडेकरू भाडं देतो आहे आणि कराराच्या अटी पाळतो आहे तोवर त्याला काढता येणार नाही, हे त्याचं मुख्य सूत्र. मालकाला जागा परत हवी तर ठरावीक कारणांपैकी एक कारण कोर्टात सिद्ध करावं लागे: भाडं थकवलं, पोटभाडेकरू ठेवला, जागेचं नुकसान केलं, किंवा मालकाला स्वतःला राहायला जागा खरोखर हवी आहे.

मालकीणबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी या शेवटच्या कारणावर आमच्यावर दावा लावला. मी तेव्हा शाळेत होते. दावा चालू असताना मी पदवीधर झाले, लग्न करून अमेरिकेत आले, मला मुलगा झाला. माझे वडील गेले. मालकीणबाईही गेल्या. दावा मात्र दोन्ही घरच्या मुलांनी पुढे चालवला. शेवटी वाडा बिल्डरला गेला तेव्हा कोर्टाबाहेर तडजोड झाली. ज्या मुलाच्या संसारासाठी जागा हवी होती, त्याला तोपर्यंत सून येण्याची वेळ झाली होती.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या कायद्यातलं हे गोठलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे असा निर्णय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दर वर्षी चार टक्के भाडेवाढ करण्याची मालकाला मुभा मिळाली. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण बरंचसं राहिलं.

आता आपल्या इथल्या मंडळींना जास्त जवळचा भाग. आपल्यापैकी अनेकांचा पुण्याला, ठाण्याला किंवा नाशिकला फ्लॅट आहे आणि तो 'लीव्ह अँड लायसन्स'वर दिलेला आहे. हा करार भाडेपट्टा नसतो. त्यात समोरच्याला फक्त जागा वापरायची परवानगी मिळते, भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. "भाडेकरू जागा बळकावतो" ही धास्ती आपल्या आईवडिलांच्या पिढीला का होती? १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक चालू लायसन्सवर जागेत राहत होते त्यांना कायद्यानं भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला. अनेक मालकांनी त्यानंतर घरं कुलूप लावून रिकामी ठेवली, पण भाड्यानं दिली नाहीत. आजचा कायदा तसा नाही. कलम २४ प्रमाणे मुदत संपली की लायसन्सधारकानं जागा सोडायची. नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं. करार लेखी आणि नोंदलेला हवा, हे कलम ५५ सांगतं, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" असं मी आपल्याच लोकांकडून ऐकलं आहे. महाराष्ट्रात ते चूक आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येते.

आम्ही मोठ्या घरात राहायला गेलो तेव्हा आधीचा कॉन्डो विकला नाही, भाड्यानं दिला. २००६ साली एक बाई दोन मुलांना घेऊन तिथे राहायला आली. ती वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करायची. नवरा नव्हता. तीन वर्षं तिचं भाडं पहिल्या तारखेला यायचं. दिवाळीत मी फराळाचा डबा न्यायचे. तिच्या मुलांना चकली फार आवडायची. २००९ च्या उन्हाळ्यात तिचे कामाचे तास निम्म्यावर आले. तेव्हाची मंदी तुम्हाला आठवत असेल. जुलैचं भाडं अर्धं आलं, ऑगस्टचं आलंच नाही. माझ्या नवऱ्याची नोकरीही तेव्हा डळमळीत होती आणि कॉन्डोचा मॉर्गेज हप्ता आमच्या डोक्यावर होता.

मी तिला फोन करून म्हटलं, "शनिवारपर्यंत पैसे आले नाहीत तर मी कुलूप बदलीन."

हे बोलताना मला आपण काही चुकीचं बोलतो आहोत असं वाटलं नाही. घर माझं, कुलूप माझं. संध्याकाळी आपल्या मंचातल्या एका वकील मैत्रिणीला सहज सांगितलं. ती म्हणाली, "अगं, कुलूप बदललंस तर पोलीस तुझ्याकडे येतील, तिच्याकडे नाही."

आजच्या विषयाचं मूळ उत्तर त्या वाक्यात आहे. मालकी आणि ताबा या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर भाड्यानं दिलं की मालकी माझ्याकडे राहते, ताबा तिच्याकडे जातो. तो ताबा मी माझ्या हातानं परत घेऊ शकत नाही. कुलूप बदलणं, वीज किंवा पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं हे सगळं न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे. थकलेल्या भाड्यापोटी भाडेकरूचं सामानही अडवून ठेवता येत नाही. ताबा परत मिळवायचा एकच रस्ता आहे, तो कोर्टातून जातो, आणि शेवटी दाराचं कुलूप लावायला येतो तो कोर्टाचा अधिकारी.

कोर्टाचा आदेश मिळायलाही कारण लागतं. न्यू जर्सीत १९७४ पासून कायदा आहे की सबळ कारण दाखवल्याशिवाय राहत्या घरातून भाडेकरूला काढता येत नाही. करार संपला हे एवढंच कारण पुरत नाही. भाडं थकणं, नासधूस, शेजाऱ्यांना सततचा त्रास, वारंवार उशिरा भाडं देणं अशी कारणं कायद्यानं यादी करून दिली आहेत. मालक स्वतः त्याच इमारतीत राहतो आणि भाड्याची घरं दोनपेक्षा जास्त नाहीत, तर हा नियम लागू नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं सर्वसाधारण संरक्षण नाही. करार संपला की कारण न देता "घर सोडा" म्हणता येतं. आणि आपला पुण्याचा लायसन्सचा करारही नेमका याच जातीचा आहे, हे लक्षात ठेवा. एकट्या मुलीकडे मित्र येतो म्हणून, किंवा शेजाऱ्यांना आडनाव खुपतं म्हणून करार पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं, तर कारण कुठे लिहावंच लागत नाही. मुसलमान किंवा दलित कुटुंबाला घर मिळणं किती कठीण आहे यावर आपण इथे बसून हळहळतो. आपल्याच फ्लॅटच्या एजंटाला आपण काय सांगून ठेवलं आहे तेही एकदा आठवून पाहावं.

तर, मी रीतसर दावा लावला. तारखेला कोर्टात गेले. मोठं दालन भरलेलं होतं. कारकून नावं वाचत होता. मालकांच्या बाजूला बहुतेक वकील, एकेकाच्या हातात पाच-सहा फायली. भाडेकरूंच्या बाजूला माणसं एकेकटी, काहींच्या कडेवर मूल. ज्याचं नाव पुकारलं आणि जो हजर नाही, त्याच्याविरुद्ध निकाल, तिथल्या तिथे. एक बाई पंधरा मिनिटं उशिरा धावत आली. बस चुकली होती. तिचा निकाल लागून गेला होता. पुण्यात आमच्या एका दाव्यात दोन पिढ्या गेल्या. इथे मी सकाळच्या दोन तासांत पन्नासेक संसारांचा निवाडा होताना पाहिला.

त्या वेळचा नियम असा होता की थकलेलं सगळं भाडं आणि कोर्टाचा खर्च निकालाच्या दिवशी कोर्ट बंद व्हायच्या आत भरला, तर दावा संपतो. तिच्याकडे तेवढे पैसे नव्हते. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघींनी छापील कागदावर तडजोड केली. दर महिन्याचं भाडं, वर थकबाकीचा हप्ता. हप्ता चुकला तर मी ताब्याचं वॉरंट काढायचं. हप्ता जरा जास्तच होता, हे मला सही करतानाही दिसत होतं. मी आकड्यांतच आयुष्य काढलं आहे. तिचे तास, तिचा दर, तिचं भाडं, सगळं मला ठाऊक होतं. तो हप्ता तिला झेपणारा नव्हता. तरी मी तो कागद पुढे सरकवला आणि तिनं सही केली, कारण तिला वाटलं की यापेक्षा वेगळं काही मागता येत नाही.

मागता आलं असतं. न्यायाधीश अडचणीतल्या भाडेकरूला जास्तीत जास्त सहा महिन्यांची मुदत देऊ शकतात, भाडं भरण्याच्या अटीवर. हे तिला कुणी सांगितलं नाही. मी वाचलं होतं. मीही सांगितलं नाही.

नोव्हेंबरचा हप्ता चुकला. डिसेंबरात वॉरंट निघालं. कोर्टाच्या अधिकाऱ्यानं दारावर कागद लावला की कामाचे तीन दिवस गेल्यावर कुलूप लागेल. ती आदल्या रात्रीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा घर झाडून पुसून ठेवलेलं होतं. ओट्यावर माझा आदल्या दिवाळीचा फराळाचा डबा होता, घासून पुसून. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, हे मीच तिला एकदा हसत सांगितलं होतं. डब्यात किल्ल्या होत्या.

मला वाटलं, विषय संपला. दीड वर्षानं एका घरमालकाचा फोन आला. त्याच्याकडे या बाईचा अर्ज आला होता. भाडेकरूंची माहिती विकणाऱ्या कंपन्या कोर्टाच्या नोंदी गोळा करतात, त्यात माझा दावा त्याला दिसला होता. त्यानं विचारलं, "हे खरं आहे का?" मी म्हटलं, "हो." तो "थँक यू" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी खोटं बोलले नाही. पण तीन वर्षं तिचं भाडं एक दिवससुद्धा चुकलं नव्हतं, मंदीत तास कमी झाले म्हणून थकलं, जाताना घर आरशासारखं ठेवून गेली, हेही खरंच होतं. ते सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तिला ते घर मिळालं का, मला माहीत नाही. घर काढून घेणं म्हणजे एका दारातून बाहेर काढणं एवढंच मी समजत होते. त्या फोनवर कळलं की पुढच्या दारापाशीही मीच उभी आहे.

पुढे २०१६ साली मॅथ्यू डेस्मंड या समाजशास्त्रज्ञाचं 'एव्हिक्टेड' हे पुस्तक आलं. मिलवॉकी शहरात राहून त्यांनी अशी कुटुंबं जवळून पाहिली. त्यांच्या पाहणीत तिथल्या दर आठ भाडेकरूंपैकी एकाला दोन वर्षांच्या काळात मनाविरुद्ध घर सोडावं लागलं होतं. माणूस गरीब आहे म्हणून घर जातं हे आपल्याला माहीत असतं. घर गेलं म्हणून माणूस आणखी गरीब होतो, नोकरी सुटते, मुलांची शाळा बदलते, मिळेल ते वाईट घर घ्यावं लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं. वाचताना मला त्या बाईच्या धाकट्या मुलाची शाळा आठवत होती.

काही बदललंही आहे. २०१७ साली न्यूयॉर्क शहरानं कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना अशा दाव्यांत मोफत वकील देण्याचा कायदा केला. असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. न्यू जर्सीत २०२० पासून कुलूप लागल्यानंतरही कामाच्या तीन दिवसांत भाडेकरूनं देणं भरलं तर मालकाला ते घ्यावं लागतं आणि माणूस घरात परत येतो. महासाथीच्या काळात केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये भाडेकरूंना काढण्यावर बंदी घातली. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. त्याच काळात भाड्याच्या मदतीसाठी सुमारे ४६ अब्ज डॉलर मंजूर झाले. म्हणजे भाडेकरूला वेळ द्यायचा आणि मालकाचा हप्ताही बुडू द्यायचा नाही, हे मनात आणलं तर सरकारला जमतं.

मला या सगळ्यातून जे समजलं ते सांगते. भाडेकरूला काढायचा कायदा म्हणजे वेळ वाटून देण्याचा कायदा आहे. मालकाचा हक्क आणि दुसऱ्याचा संसार यांच्यामध्ये किती दिवस ठेवायचे, एवढाच त्यातला प्रश्न. आमच्या मालकीणबाईंना कायद्यानं इतका वेळ लावला की त्यांचा हक्क त्यांच्याबरोबरच संपला. त्या श्रीमंत नव्हत्या. आमच्या चौदा रुपयांचा भार त्यांनी एकटीनं उचलला, सरकारनं नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपण हे मान्य करायला हवं. आणि माझ्या भाडेकरणीला इतका कमी वेळ मिळाला की तिला श्वास घ्यायला सवड झाली नाही. कायदा दोन्हीकडे पाळला गेला.

म्हणून काही साध्या गोष्टी. आपण मालक असाल तर कुलूप, वीज, पाणी यांना हात लावू नका, तशी धमकीही देऊ नका. भाडं थकलं की दावा लावण्याआधी समोर बसून बोला आणि हप्ता ठरवताना त्याच्या खिशाचा हिशेब करा. पुण्यातला करार नोंदवा. कुणी आपल्या जुन्या भाडेकरूबद्दल विचारलं तर पूर्ण खरं सांगा, अर्धं नाही. आपण भाडेकरू असाल, आणि आपल्या मुलांपैकी बरेच जण आज आहेत, तर कोर्टाचा कागद आला की घाबरून तो ड्रॉवरमध्ये ठेवू नका. तारखेला वेळेआधी जा. भाडं भरल्याचे पुरावे जपा. घर राहण्याजोगं नसेल तर तेही न्यायाधीशांना सांगा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७० सालीच मरिनी विरुद्ध आयर्लंड खटल्यात म्हटलं आहे की भाड्याचं घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. आणि वकील परवडत नसेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी ही संस्था आहे, तिला फोन करा.

तो कॉन्डो आम्ही नंतर विकला. डबा अजून माझ्याकडे आहे, वापरात आहे. इथून परत जाताना तुम्ही एवढंच करा: आपल्या फ्लॅटच्या करारावर ज्याची सही आहे त्याचं नाव आठवतं का, ते पाहा. मला पुण्यातल्या आमच्या शेवटच्या भाडेकरूचं आठवलं नाही. घरी गेल्यावर फाईल काढून पाहावं लागलं.

आता प्रश्न विचारा, आणि माझ्याशी मतभेद असतील तर तेही मोकळेपणानं मांडा.